दिल्या घरी

त्रिएस्तेला समुद्राजवळच्या एका चौकात संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात. कुणी चेंडू पायातच घोळवत राहिला की बाकीचे ओरडतात, "दाय! दाय!" पहिले सहा महिने मला वाटायचं, ही सगळी इटालियन पोरं आहेत. इटालियनमध्ये 'दाय' म्हणजे 'चल ना', 'कर की', आणि सूर बदलला तर 'काहीतरीच काय!' पुढे कान सरावला तेव्हा कळलं की त्यातली निम्मी पोरं आपापसांत सर्बियन बोलतात. तीही 'दाय'च ओरडतात. लिहिताना शेवटचं अक्षर वेगळं, कानाला फरक शून्य. अर्थ दोन्हीकडे 'चल, चल', आणि खाली उकरलं तर दोन्हीकडे एकच क्रियापद: दे.

मी नागपूरची. आमच्या गल्लीतली पोरं हेच ओरडायची. "दे ना बे!"

हे शहर अशा गोष्टींसाठीच वसवलं असावं असं कधीकधी वाटतं. इटलीचा हा अगदी कोपरा, पलीकडे लगेच स्लोव्हेनिया, थोडं पुढे क्रोएशिया. दुसऱ्या महायुद्धानंतर त्रिएस्ते कुणाचं, यावर नऊ वर्षं घोळ चालला आणि १९५४ साली शहराचा भाग इटलीला दिला, दक्षिणेकडचा भाग युगोस्लाव्हियाला दिला. 'दिला' असंच म्हणतात, जणू ताटात वाढला. गंमत म्हणजे त्याच वर्षाच्या शेवटी सर्बियातल्या नोवी सादला भाषापंडित बसले आणि सर्बियन-क्रोएशियन ही एकच भाषा आहे असं ठरवून उठले. आज तिची चार नावं आहेत. मी त्रिएस्तेत ज्यांच्याशी बोलते त्यांच्यापुरतं सांगायचं तर चारही नावांची माणसं एकमेकांशी भांडू शकतात इतपत ती नक्की एक आहे.

मी इथं आले ती भौतिकशास्त्रासाठी. भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ साली सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय केंद्रामुळे आपल्याकडचे कितीतरी लोक या गावात येऊन जातात. शब्दांच्या नादाला लागायचं काही ठरलं नव्हतं. लावलं शेजारच्या आजींनी. दक्षिण सर्बियातल्या लेस्कोव्हात्सच्या या आजी नव्वदच्या दशकात बांधकामावर काम करणाऱ्या नवऱ्यामागे इथं आल्या. सर्बियनमध्ये आजीला 'बाबा' म्हणतात. घरी फोनवर "बाबांनी मिरच्या भाजल्या" असं सांगितलं की माझे बाबा दचकतात.

पहिल्या भेटीत बाबांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि एकच शब्द विचारला: "उदाता?"

मी फोन काढून शोधलं. विवाहित, स्त्रीलिंगी. म्हणजे प्रश्न नागपूरचाच होता, फक्त प्रवास करून आला होता. पण फोनने अर्थ सांगितला, आतलं हाड दाखवलं नाही. ते रात्री दिसलं. 'दाति' म्हणजे देणे. त्याला 'उ' लावला की 'उदाति': मुलगी लग्न करून देणे. 'उदाता' म्हणजे दिलेली. पुरुषाला हा प्रश्न विचारत नाहीत. त्याला विचारतात, 'ओझेन्येन?' 'झेना' म्हणजे बायको. तर 'बायकोवाला झालास का?' मुलगी दिली जाते, मुलगा बायको मिळवतो.

हे वाचून मी हसले आणि मग मराठीत तपासून पाहिलं. आपण म्हणतो, "मुलाचं लग्न केलं." आणि "मुलीचं लग्न करून दिलं." एवढ्याशा 'करून दिलं'मध्ये अख्खी पाठवणी आहे. आमच्याकडे तर आडपडदाही नाही. आजीच्या ओट्यावर बसलेल्या बायका सरळ विचारायच्या, "पोट्टी कोठं देल्ली वं?" उत्तर गावाच्या नावात यायचं. उमरेडला देल्ली. भंडाऱ्याला देल्ली. कुणाला दिली हे नंतर, आधी कुठे.

आता ही आजी कोण ते सांगायला हवं, कारण या लेखातली पाली तिची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती, बापाचं बोट धरून गेलेली. तेव्हापासून तिच्या दिवसाची सुरुवात त्रिशरण-पंचशीलाने होते. शाळा चौथीपर्यंत. पाली व्याकरणाचा 'प' तिला माहीत नाही, पण पाली तिच्या जिभेवर आहे, तांदूळ निवडताना आणि गॅसचा नंबर लावताना सुद्धा. २०२४च्या ३ ऑक्टोबरला मराठी आणि पाली या दोघींना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मी फोन करून आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग आधी का होत्या?"

पंचशीलातलं दुसरं शील असं आहे: अदिन्नादाना वेरमणि सिक्खापदं समादियामि. शाळेत आम्हाला अर्थ सांगितला होता, 'मी चोरी करणार नाही.' अर्थ चुकीचा नाही, पण ओळीत चोर कुठेच नाही. पालीत 'चोर' हा शब्द आहे, आपल्यासारखाच. तो वापरता आला असता. वापरलेला नाही. वापरलं आहे ते 'अ-दिन्न-आदान': जे दिलेलं नाही ते घेणं.

मी आठ-नऊ वर्षांची असताना शेजारच्यांच्या झाडाचा पेरू तोडून आणला होता. झाड कुंपणावरून आमच्याकडे वाकलेलं, पेरू आमच्या हद्दीत लोंबणारा. मी कायद्याचा मुद्दा मांडला. आजीने पेरू हातात घेतला, पदराने पुसला, परत माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "त्यानं देल्ला होता का तुले?" बस. चोरी केलीस का, असं ती म्हणालीच नाही. मी जाऊन पेरू परत दिला. शेजारच्या काकांना काही कळेना. त्यांनी आणखी दोन दिले. ते दोन आजीने आनंदाने कापून मीठ लावून खाल्ले. दिलेले होते.

त्रिएस्तेच्या खोलीत 'उदाता'चं हाड शोधताना ही ओळ आठवली आणि कागदावर मांडून बघितली. दिन्न: दिलेलं. आदान: घेणं. समादियामि: मी स्वतःवर घेतो. तिन्ही शब्दांत धातू एकच, 'दा'. एका ओळीत देणं तीन वेळा आलंय आणि त्यातलं दोनदा ते घेणं आहे. मागे एक 'आ' लावला की देणाऱ्याचा हात वळतो आणि घेणारा होतो. आपलं 'आदान-प्रदान' हेच करतं, आपण ते कार्यक्रमपत्रिकेवर छापतो आणि विसरतो. त्याहून गंमत हित्ती भाषेची. आजच्या तुर्कस्तानात मातीच्या पाट्यांवर लिहिली गेलेली ही भाषा मराठी, पाली, इटालियन, सर्बियन यांच्याच इंडो-युरोपीय कुळातली. तिच्यात 'दा' म्हणजे थेट 'घेणे', उपसर्गबिपसर्ग काही नाही. म्हणजे फार पूर्वी कुठेतरी हा धातू फक्त हात पुढे होण्याचा होता. हातातून जातंय की हातात येतंय, ते ज्याने त्याने नंतर ठरवलं असावं. हे शेवटचं वाक्य माझं, भाषाशास्त्रज्ञांच्या माथी मारू नका.

उपसर्गांनी माझी फजितीही केली. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा बाबांना ती बातमी त्यांच्या भाषेत सांगायची मी तयारी केली. जिन्यात गाठून मोठ्या थाटात म्हटलं, माझी बहीण 'उदाला से'. म्हणजे म्हणायचं होतं. तोंडातून निघालं 'इझ्दाला से'. बाबा क्षणभर थांबल्या, पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून हसल्या. 'इझ्' म्हणजे बाहेर. 'इझ्दाति' म्हणजे बाहेर देणे: दगा देणे, फितूर होणे. मी सांगितलं होतं की माझ्या बहिणीने स्वतःचंच बिंग फोडलं. बाबा डोळे पुसत म्हणाल्या, लग्नाबद्दल असंही म्हणता येतं.

पण 'इझ्दाति'चा दुसरा अर्थ मला जास्त आवडला. पुस्तक प्रकाशित करणे. मित्राला दगा देणे आणि पुस्तक काढणे, क्रियापद एकच. प्रकाशक तो 'इझ्दावाच', गद्दार तो 'इझ्दायनिक'. मराठीतल्या ज्या लेखकांना रॉयल्टीचा हिशेब मिळालेला नाही, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आणि हे फक्त स्लाव्ह लोकांचं खूळ नव्हे. इटालियनमध्ये दगा देणे म्हणजे 'त्रादीरे'. तो आला लॅटिन 'त्रादेरे'वरून: 'त्रान्स' पलीकडे, 'दारे' देणे. पलीकडच्याच्या हाती देणे. त्याच 'त्रादेरे'वरून 'त्रादित्सिओने' आला, म्हणजे परंपरा: पुढच्या पिढीच्या हाती देणे. वाडा मुलाला दिला तर परंपरा, किल्ला शत्रूला दिला तर फितुरी. हातांची हालचाल तीच. इ.स. ३०३मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचे धर्मग्रंथ जप्त करायचा हुकूम काढला, तेव्हा ज्यांनी भिऊन ग्रंथ सरकारच्या हवाली केले त्यांना त्यांच्याच लोकांनी नाव दिलं 'त्रादितोर', हवाली करणारे. म्हणजे तिथेही पुस्तक हातातून देणं आणि दगा देणं एकमेकांना चिकटलेलं. इटालियनांची एक म्हण सगळ्या अनुवादकांना ऐकून घ्यावी लागते, 'त्रादुत्तोरे, त्रादितोरे': अनुवादक म्हणजे दगाबाज. ती यमकाची करामत आहे. भाषांतर करण्याचं त्यांचं क्रियापद 'देणे'वरून नाही, 'नेणे'वरून आलेलं आहे. अनुवादक बिचारा फक्त पलीकडे नेतो.

नाद लागला की माणसाला सगळीकडे तेच दिसायला लागतं, तसं माझं झालं. 'वेन्देरे' विकणे, त्यात देणे. 'पेर्देरे' हरवणे, त्यातही देणे. 'क्रेदेरे' म्हणजे विश्वास ठेवणे, तेव्हा त्यातही देणेच असणार असं मी जाहीर करून मोकळी झाले आणि तोंडावर आपटले. तो आपल्या श्रद्धेचा सख्खा भाऊ निघाला, श्रत् आणि धा. पालीत सद्धा. तिथे देणं नाही, ठेवणं आहे. तेव्हापासून मी शेपटी बघून नातं जोडत नाही.

आपल्या देण्याकडे मात्र मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मराठी माणूस काय काय देतो! शिवी देतो, हाक देतो, टेकू देतो, ताण देतो, मिशीला पीळ देतो. आळोखेपिळोखे देतो. ढेकर देतो, तो नक्की कुणाला? 'जाऊ दे' म्हणतो, त्यात तर कुणी कुणाला काही देतच नाही, उलट सोडतो. इटालियनमध्ये 'कदाचित'ला 'प्वो दार्सी' म्हणतात, शब्दशः 'स्वतःला दिलं जाऊ शकतं'. माझी रियेकाची क्रोएशियन सहकारी दर सोमवारी सकाळी संगणकासमोर बसून म्हणते, "ने दा मि से." ते मला दिलं जात नाहीये. म्हणजे आज काही करवत नाही, कंटाळा आलाय. एकीचं कदाचित, एकीचा कंटाळा, आपलं जाऊ दे. देणारा तिन्हीकडून गायब, देणं तेवढं शिल्लक.

इटालियन एक गोष्ट देतात जी आपण देत नाही: 'तू'. ओळख वाढली की समोरचा म्हणतो, "दियामोची देल तू", आपण एकमेकांना 'तू' देऊ या. आपल्याकडे अरे-तुरे करतात, अहो-जाहो करतात. करण्याच्या कामात परवानगी लागत नाही, म्हणून तर त्यावरून भांडणं होतात. माझ्या वयस्कर गाइडनी पहिल्या आठवड्यात मला 'तू' देऊ केला. मी घेतला, पण परत देताना माझी जीभ अजूनही अडखळते. नागपूरची झाले तरी पासष्टीच्या माणसाला तू म्हणायचं म्हणजे घशात काहीतरी अडकतं.

आणि देणं हे आपल्याकडे नामही आहे. 'देवाचं देणं' म्हणजे मिळालेली वस्तू. 'डोक्यावर देणं' म्हणजे फेडायचं कर्ज. आमच्या इमारतीचा वार्षिक हिशेब येतो, त्याच्या दोन रकान्यांवर 'दारे' आणि 'आवेरे' छापलेलं असतं: देणे आणि असणे. आपल्या भाषेत नावे आणि जमा. दुहेरी नोंदीची ही पद्धत लुका पाचोली या साधूने आपल्या गणिताच्या ग्रंथात मांडली, तो ग्रंथ १४९४ साली व्हेनिसला छापला गेला, इथून रेल्वेने दोनेक तास. मला तो 'दारे' रकाना बघून दरवर्षी आजी आठवते. तिच्या वहीत मात्र एकच रकाना होता: कुणाचं काय द्यायचं राहिलंय. कुणाकडून यायचंय ते ती लिहीतच नसे.

बहिणीचं लग्न नागपुरात झालं. आमच्या पद्धतीचं: पांढरी साडी, पांढरा शर्ट, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा, वंदना, प्रतिज्ञा, हार. कन्यादान नाही. कुणी कुणाला दान करत नाही. दोघं आपणहून उभे राहतात, आपल्या तोंडाने बोलतात. आमच्या आईबापांनी, त्यांच्याही आईबापांनी ते मुद्दाम, ठरवून सोडलं. हात बदलले, विधी बदलला. लग्नानंतर आठवड्याने व्हिडिओ कॉलवर आजी कुणाला तरी सांगत होती, "लहानी पोट्टी पुण्याले देल्ली."

मला राहवलं नाही. म्हटलं, "आजी, आपल्यात कन्यादान असते का?"

"नाही वं."

"मग देल्ली कशी?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटलं, पकडलं. मग म्हणाली, "मंग का म्हनू? गेली म्हनू? गेली म्हनलं त लोकं रडत येतीन."

मी बाबांना हे सांगितलं. त्यांच्या नातीने रजिस्टर लग्न केलंय आणि तिला 'उदाता' म्हटलेलं खपत नाही. ती 'वेन्चाति से' म्हणते. 'वेनात्स' म्हणजे फुलापानांचा गोल हार, मुकुट. तो दोघांनाही लागतो, म्हणून क्रियापदही दोघांना सारखंच. मला ते ऐकताना बहिणीच्या गळ्यातला हार दिसला. मराठीत आपण त्यासाठी 'लग्न' म्हणतो आणि त्यात शुभमुहूर्ताचा वास आहे, पण मुळात लग्न म्हणजे लागलेलं, चिकटलेलं. पालीत 'लग्ग' म्हणजे चिकटलेला, अडकलेला. भिक्खूने जे होऊ नये ते. आजीला अजून हे सांगितलेलं नाही.

एक सांगितलं, ते तिला फार आवडलं. हिवाळ्यात इथं बोरा नावाचा वारा सुटतो, माणूस ढकलला जाईल इतका. रात्रभर खिडक्या वाजल्या की बाबा सकाळी माझ्या दारावर टकटक करून विचारतात, "बुदना?" जागी आहेस का? त्यांचा 'बुदन' म्हणजे जागा, आणि आपला 'बुद्ध' म्हणजे जागा झालेला, एकाच धातूचे. पालीत बुज्झति: जागा होतो, उमगतं. त्यालाच 'सं' लागून सम्बुज्झति, आणि प्राकृतातून घरंगळत तेच आपलं 'समजणे'. इटालियनमध्ये समजणे म्हणजे 'कापीरे', मुळात पकडणे. बाबांच्या भाषेतही एक शब्द पकडण्यावरून आहे. पालीतसुद्धा 'उग्गण्हाति', उचलून घेतो, म्हणजे शिकतो. घेऊन समजतं हे सगळ्यांनाच सुचलेलं. जागं होऊन समजतं, हे आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो, तेही बहुधा चिडून: "समजलं का?" आजीने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, म्हणजे माझ्या मध्यरात्रीनंतर, फोन करून विचारलं, "बुदना?"

सप्टेंबर संपता संपता आमच्या जिन्यात भाजलेल्या मिरच्यांचा वास कोंडतो. लाल, जाड सालीच्या ढोबळ्या मिरच्या जळेपर्यंत भाजायच्या, भांड्यात झाकून घाम फुटू द्यायचा, मग काळी साल बोटांनी सोलायची, बिया काढायच्या, कुस्करून तेलात तासन्‌तास आटवायचं. त्याला आयवार म्हणतात. गेल्या वर्षी मी सोलायला बसले होते. चार किलो मिरच्यांतून चार बरण्याही झाल्या नाहीत. बाबांनी त्यातली एक माझ्यासमोर धरली. "ना, उझ्मि." हं, घे. मी नको-नको केलं, आपल्याकडे करतात तसं तीनदा. तिसऱ्यांदा त्यांनी बरणी माझ्या हातात कोंबली.

आयवार महिनाभर पुरलं. बरणी धुऊन ओट्यावर उलटी ठेवली. इथं पाण्याच्या काही काचेच्या बाटल्यांवर छापलेलं असतं, 'वुओतो आ रेन्देरे': रिकामी, परत देण्याची. 'रेन्देरे' म्हणजे पुन्हा देणे, तोच धातू. बाटली रिकामीच परत गेली तरी दुकानदाराला चालतं. आजीने कुणाचं भांडं रिकामं परत दिलेलं मला आठवत नाही. काही नसलं तर ती मूठभर साखर घालायची.

बरणी आठवडाभर तशीच होती. नागपूरहून आलेल्या पार्सलात आईने जवसाची चटणी पाठवली होती, आजीच्या हातची, थोडी जास्तच तिखट. ती बरणीत काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि बाबांचं दार वाजवलं. आतून आवाज आला, "को ये?" कोण आहे?

मी म्हटलं, "ना, उझ्मि."